डावीकडची चेन

१

वर्ध्याच्या कृषी प्रदर्शनात सगळी गर्दी ट्रॅक्टरच्या मंडपात होती. छाया उमाटे मात्र कोपऱ्यातल्या एका लहानशा स्टॉलसमोर थांबली आणि तिथून हललीच नाही.

स्टॉलवर एक हिरवं यंत्र होतं. दोन चाकं, मधे फिरणारा ब्रश, मागे कचऱ्याची पेटी, ढकलायला लांब दांडा. विक्रीवाल्या माणसाने फरशीवर मूठभर रुई उधळली आणि यंत्र ढकललं. रुई पेटीत गेली.

"मोटर नाई, लाइट नाई," तो ओरडत होता. "चाक फिरलं का ब्रश फिरते! जिनिंगवाल्यायनं डोळे मिटून घ्यावं!"

सचिन, छायाचा नवरा, भाजीच्या बियाण्याची पाकिटं घेऊन मागून आला. बायकोचा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं वं?"

छाया खाली बसली. विक्रीवाला 'अहो ताई' म्हणेपर्यंत तिने झाकण उचललं. आत ब्रशला लागून लोखंडी फणी होती. रुईचे तंतू ब्रशला गुंडाळले जातात आणि यंत्र अडतं, म्हणून ती फणी. स्वतःच्या यंत्रासाठी ती सुचायला छायाला अख्खा उन्हाळा गेला होता. पण फणी दुसऱ्या कोणालाही सुचू शकते. तिचं लक्ष गेलं ते उजव्या पत्र्यावरच्या एका बोल्टाकडे.

त्या बोल्टाने काहीच धरलेलं नव्हतं. आत पट्टी नाही, कडी नाही. नुसता बोल्ट.

"सचिन," ती हळूच म्हणाली, "आपल्या मशीनवर ड्रिल चुकलं होतं. भोक वाईट दिसे म्हणून मी त्यात बोल्ट ठोकला होता. यानं माही चूकबी चोरली."

वर पाटी होती: नत्थूजी अ‍ॅग्रो, कारंजा घाडगे.

२

अल्लीपूरच्या रस्त्यावर छायाचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. फाटकं, ग्रिल, बैलबंडीचे आस असली कामं. आयटीआयमधून फिटर होऊन तिने ते उभं केलं होतं. झाडू-यंत्राचं वेड मात्र सासूमुळे लागलं. सखूबाई जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, रुई झाडायच्या कामावर होत्या. मालकाने विजेवरचं झाडायचं मशीन आणलं, त्याची ठिणगी रुईत पडली आणि आग विझवताना सखूबाईंचे दोन्ही तळवे भाजले. आजही त्यांना भाकर थापता येत नाही. तेव्हापासून छायाला एकच ध्यास होता, ठिणगी न उडवणारं यंत्र.

कोणी नक्कल करेल म्हणून तिने वर्कशॉपात फोटो काढायला बंदी घातली होती. हीच सावधगिरी आता तिच्या अंगाशी आली: यंत्र कधी बनवलं हे दाखवायला तिच्याकडे एकही फोटो नव्हता.

प्रदर्शनानंतर आठवड्याच्या आतच नत्थूजीच्या वकिलाची नोटीस आली. 'आमच्या अशिलाने दसऱ्याला बनवलेल्या यंत्राची तुम्ही नक्कल केली आहे. ती ताबडतोब थांबवा.'

म्हणजे चोर ठरली छायाच.

त्याच संध्याकाळी हिंगणघाटच्या भैय्याजींचा फोन आला. त्यांचं जिनिंग मोठं होतं, आणि बाकीचे मालक त्यांचा शब्द मानायचे. "छायाताई, मी तुमचं मशीन पाह्यणार होतो. आता हे दुसरंच ऐकून राह्यलो. सोमवारी दोघंबी आपापलं मशीन घेऊन या. ज्याचं खरं असन, काम त्याले. अन् जो खोटा निघन त्याले या धंद्यात कोणी उभं करणार नाई, हे आताच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी छाया शकुंतलाबाई तिमांडे यांच्याकडे गेली. बाई विमा कंपनीत होत्या. नोकरीभर त्यांनी जळालेला कापूस आणि मेलेले बैल तपासले. कोणता कापूस आपोआप जळाला आणि कोणता कोणी जाळला हे त्यांना जागेवर उभं राहिलं की कळायचं असं लोक म्हणत. निवृत्त झाल्या तरी संशय घ्यायची सवय गेली नव्हती.

"आधी मशीन दाखव," त्या म्हणाल्या. "माणसं मंग."

वर्कशॉपात त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. उजव्या बाजूला चेनवरचं पत्र्याचं झाकण होतं. ते काढायला लावलं. चाकाच्या दातेरी चक्रावरून सायकलची चेन ब्रशच्या टोकाकडे गेली होती. तिथे सायकलचंच फ्रीव्हील बसवलेलं होतं.

"हे कायले?"

"पुढं ढकललं तं ब्रश फिरते, मागं ओढलं तं फिरत नाई. सायकलचे पायडल उलटे मारले तं चाक थोडंच उलटं फिरते? तसंच. नाई तं मागं ओढताना गोळा केलेली रुई परत बाहीर फेकन."

बाईंनी डाव्या पत्र्यावरच्या त्या निरुद्योगी बोल्टावर बोट ठेवलं. "अन् हा तुहा चुकलेला बोल्ट."

"हाव."

"उघडं मशीन कोणं कोणं पाह्यलं?"

"रजत. माहा चुलत दीर. त्यानं कंप्युटरवर ड्रॉइंग केलतं. अन् खुशालभाऊ, हिंगणघाटचे लेथवाले. त्यायनं शाफ्ट अन् फणी बनवली." छायाचा आवाज कडक झाला. "रजतच हाये बाई. मी त्याले त्याच्या मायसमोर चोर म्हणून आली. कारंजाले त्यानं नोकरीसाठी अर्ज केलता, अन् हे मले लपवलं."

३

रजत घराच्या ओट्यावर बसला होता. बाईंना बघून उठला, पण बसा म्हणाला नाही.

"वहिनीनं पाठवलं असन."

"मी आपल्या मनानं आली. कारंजाले काऊन गेलता?"

"हायवेवरच्या पेट्रोल पंपावर सुपरवायझर पाह्यजे होता. मी इंजिनिअर होऊन पंपावर काम मागायले गेलतो, हे गावभर सांगू का?" त्याचे कान लाल झाले. "अन् ते काम बी नाई भेटलं."

"ड्रॉइंग कुठं हाये?"

"जुन्या कंपनीच्या लॅपटॉपवर होतं. नोकरी गेली तसा तो जमा केला. त्यायनं सगळं पुसलं."

बाईंना हे सोयीचं वाटलं, आणि सोयीच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नसे. "ड्रॉइंगमध्ये तो बोल्ट दाखवला होता? डाव्या पत्र्यावरचा?"

रजतने कपाळावर आठ्या घातल्या. "कोणता बोल्ट? डाव्या पत्र्यावर काईच नाई."

तिथून बाई हिंगणघाटला गेल्या. खुशाल लेथवर उभा होता. लोखंडाचा किस त्याच्या पायाशी वेटोळी घालून पडला होता. त्याने मशीन बंद केलं नाही, बाईंना ओरडून बोलावं लागलं.

"कारंजाले तुमचं जाणं-येणं हाये म्हणे?"

"ट्रकच्या जुन्या बेअरिंगा तिथंच भेटतात. सगळेच जातात."

"नत्थूजीले ओळखता?"

लेथ थांबलं. "ओळखतो. त्याचा ढाबा हाये, मागं शेड हाये. माह्याकडं आलता तो. उलट्या आट्याचं, उलट्या बाजूनं पकडणारं फ्रीव्हील बनवून द्या म्हणे. मी म्हटलं, असं बनवत नसतात भाऊ, सायकलच्या दुकानात जा. चिडून गेला."

"छायाले हे सांगितलं नाई?"

"ताईचं मशीन अन् त्याचं फ्रीव्हील याचा काय संबंध? मले का मालूम तो मशीन बनवून राह्यला म्हणून?" खुशालने चिंधीला हात पुसले. नजर मात्र दाराकडे होती. "आता सगळे मलेच चोर समजून राह्यले. तुम्हीबी समजा."

बाई स्कूटरला किक मारणार तोच थांबल्या. उलट्या आट्याचं फ्रीव्हील. ते कोणाला आणि कशासाठी लागावं?

४

अल्लीपूरच्या घरी चहा जयाने आणून दिला. जया सचिनची धाकटी बहीण, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. डाव्या नाकपुडीतली चमकी चहा देताना लकाकली.

"तू वर्कशॉपात जाते का?" बाईंनी विचारलं.

"वहिनीले डबा द्यायले जाते. मले त्यातलं काई समजत नाई."

सखूबाई खाटेवरून बोलल्या, "तिचं चित्त कुठं हाये आता? सोयरिक जमली. कारंजाचंच हाये पोरगं, वैभव. मामाच्या ढाब्याचा कारभार पाह्यते म्हणे, मामाशी काई आमची अजून वळख नाई. पसंती झाली, साक्षगंध संक्रांतीनंतर."

जयाने कपबशा उचलल्या. एक बशी घसरून फुटली. "हात ओला होता," ती म्हणाली आणि तुकडे वेचायला बसली.

बाईंनी चहा संपवला. जाताना म्हणाल्या, "जया, मले उद्या कारंजाले जायचं हाये. रस्ता मालूम नाई. ढाब्याचं लोकेशन पाठवशीन?"

"मी... मी वैभवले विचारून पाठवते."

लोकेशन आलं. त्यासोबत जयाच्या नंबरावरचा तिचा फोटोही बाईंच्या मोबाइलवर आला. हसरा चेहरा, मोकळे केस. बाईंनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग फोन तोंडासमोर धरून स्वतःचाच एक फोटो काढला आणि दोन्ही फोटो पुन्हा पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्या कारंजाला गेल्या. हायवेवर ट्रकांच्या रांगा, ढाब्यात तंदूरचा धूर. भद्रावतीला भावाचं जिनिंग आहे, मशीन पाहायचं आहे, असं सांगितल्यावर नत्थूजीने स्वतः शेड उघडली. जाडजूड, गोड बोलणारा माणूस.

"चालवून पाहू?"

"पाहा ना बाई!"

पुढे ढकललं तेव्हा यंत्र नीट चाललं. मागे ओढलं तसा ब्रश उलटा फिरला आणि पेटीतली रुई बाईंच्या पायांवर उडाली.

नत्थूजी घाईने म्हणाला, "मागं नाई ओढायचं. उचलून वळवायचं."

बाई खाली वाकल्या. चेन डाव्या बाजूला होती. ब्रशच्या टोकावरचं फ्रीव्हील वेल्डिंग करून गच्च केलेलं होतं. आणि तो रिकामा बोल्ट होता उजवीकडे.

शेडच्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला. "मामा, कोण हाये?"

"गिऱ्हाईक हाये वैभव. खुर्ची आण."

बाईंनी खुर्ची घेतली नाही. त्यांना चोरी कशी झाली ते समजलं होतं. पण ते सांगितलं तर एका घरातलं लग्न मोडणार होतं.

५

रविवारी दुपारी त्या अल्लीपूरला आल्या. घरात छाया, जया आणि सखूबाई होत्या. सचिन वांगी घेऊन बाजाराला गेला होता.

"रजत अन् खुशाल, दोघंबी सुटले," बाईंनी बसताच सांगितलं.

छाया उसळली. "मंग कोण?"

"ऐक. नत्थूजीच्या मशीनवर तो फालतू बोल्ट हाये. ड्रॉइंगमध्ये तो नाईच. रजतले तो मालूमबी नाई. म्हणजे नक्कल ड्रॉइंगवरून केली नाई, खुद्द मशीन पाहून केली. मंग खुशाल राह्यला. पण सांग, सायकलची चेन कोणत्या बाजूले असते?"

"उजव्या."

"नत्थूजीची डावीकडं हाये. फ्रीव्हील डावीकडं बसवलं तं पुढं ढकलताना पकडतच नाई. म्हणून तो खुशालकडं उलटं फ्रीव्हील मांगायले गेला. नाई भेटलं तं वेल्डिंग करून टाकलं. खुशालनं त्याले माहिती देल्ली असती तं चेन उजवीकडंच लावायले सांगितली असती ना? हातानं बनवणारा माणूस एवढी चूक करणार नाई."

छायाने हळूहळू मान हलवली. "बोल्टबी... माहा डावीकडं हाये. प्रदर्शनात तो उजवीकडं होता. मी पाह्यलं अन् ध्यानातच नाई आलं."

"सगळंच उलटं हाये. आरशात पाहिल्यासारखं. अन् नत्थूजीनं काई आरसा लावून मशीन बनवलं नाई." बाईंनी मोबाइल काढला. "हे काल मले समजलं. पुढच्या कॅमेऱ्यानं स्वतःचा फोटो काढला तं काई मोबाइलमध्ये तो उलटा निघते. डावं उजवं होते. म्हणजे कोणीतरी उघड्या मशीनजवळ उभं राहून सेल्फी काढली, अन् ती कारंजाले गेली. जया, इकडं ये पोरी."

जया स्वयंपाकघराच्या दारात होती. ती हलली नाही.

"तुही चमकी डाव्या नाकात हाये. अन् तुह्या फोटोत ती उजव्या नाकात दिसते."

सखूबाईंनी जळालेला हात तोंडावर नेला. छाया उठून उभी राहिली.

"जया?"

"मी चोरी नाई केली वहिनी!" जयाचा आवाज फाटला. "पोळ्याच्या आधी डबा घेऊन आलती, तू हात धुवायले गेलती. मशीन सगळं उघडं होतं, चमकून राह्यलं होतं. तवा नुकतीच बोलणी सुरू झालती. वैभव म्हणे, तुह्या घरी सगळे काय करतात? मी फोटो पाठवला. पाह्य, माही वहिनी काय बनवते म्हणून. मले मिरवायचं होतं, बस. मंग तो विचारे, आत काय हाये, ती फणी कायले हाये. मी सांगितलं. मले वाटलं, याले आपल्या घराचं कौतुक हाये."

"अन् प्रदर्शनातून आली मी तवा? नोटीस आली तवा? काऊन नाई बोलली?"

"तू रजतभाऊच्या मायसमोर जे बोलली ते मी ऐकलं." जया रडत नव्हती, तेच छायाला जास्त लागलं. "त्याची काईच चूक नव्हती तरी तू त्याले तसं बोलली. माही तं चूक होती."

सखूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

शेवटी शकुंतलाबाईंनी विचारलं, "तो फोटो हाये का अजून?"

"हाये. वैभव म्हणे पुसून टाक. मी नाई पुसला."

"पोळ्याच्या आधीचा. नत्थूजी म्हणते त्यानं दसऱ्याले बनवलं. छायाकडं दुसरा पुरावाच नाई. पण तो फोटो दाखवशीन तं काय होईन हे तुले मालूम हाये." बाई उठल्या. "मी कोणाले काई सांगणार नाई. सोमवारी यायचं का नाई, तुह्यं तू ठरव."

छायाने नणंदेकडे पाहिलं. हाताला धरून फोन हिसकावता आला असता. ती वर्कशॉपात निघून गेली.

६

भैय्याजींच्या जिनिंगच्या शेडमध्ये आजूबाजूचे मालक जमले होते. नत्थूजी पांढऱ्या कपड्यांत आला. सोबत वैभव, वकील आणि हिरवं यंत्र. छायाच्या बाजूला सचिन आणि शकुंतलाबाई. सकाळी घरातून निघताना जयाची खोली बंद होती. छायाने दार वाजवलं नव्हतं.

दोन्ही यंत्रं चालली. छायाचं पुढे-मागे सारखंच चाललं. नत्थूजीने आपलं एका दमात पुढे नेलं, शेवटी उचलून वळवलं.

"नत्थूजी," शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमचं फ्रीव्हील वेल्ड काऊन केलं हो?"

"मजबुतीसाठी."

"मंग फ्रीव्हील बसवलंच कायले? नुसतं दातेरी चक्र लावलं असतं तं चाललं असतं. स्वस्तबी पडलं असतं."

नत्थूजी नुसता हसला. भैय्याजी खाली वाकून वेल्डिंग बघू लागले. "डिझाइन तुमची हाये ना? मंग हे तुम्हाले सांगता आलं पाह्यजे."

वकील मधे पडला. "साहेब, हे तांत्रिक मुद्दे झाले. आधी कोणी बनवलं, हा सवाल हाये. पुरावा हाये का यायच्याकडं?"

सचिनने खाली मान घातली.

"हाये," मागून आवाज आला.

जया रुईच्या गाठींमधून पुढे आली. एकटीच बसने आली होती. ओढणीला धूळ लागलेली होती. ती वैभवकडे न बघता सरळ भैय्याजींसमोर गेली आणि फोन पुढे केला.

"हे मी हाये. हे वहिनीचं वर्कशॉप. मागं तिचं मशीन. तारीख पाहा, पोळ्याच्या आधीची हाये. खाली पाहा कोणाले पाठवला, अन् त्यानं काय काय विचारलं. माह्या फोनमध्ये फोटो उलटा निघते. मागच्या भिंतीवरचं वर्कशॉपचं नावबी उलटं दिसते. म्हणून त्यायची चेन डावीकडं गेली."

भैय्याजींनी चष्मा लावला. वर-खाली वाचलं. फोन शेजारच्या मालकाला दिला, त्याने पुढच्याला.

"जया," वैभव दात आवळून म्हणाला, "एवढ्याशासाठी सोयरिक मोडून राह्यली तू?"

"मी नाई मोडली," जया म्हणाली. "तू मले पह्यल्यांदा फणीचं विचारलं ना, तवाच मोडली. मले आता समजलं."

नत्थूजीने वकिलाकडे पाहिलं. वकील फाइल बंद करून बाहेर निघाला होता. भैय्याजी गड्यांना म्हणाले, "ते हिरवं शेडच्या बाहीर नेऊन ठेवा." मग छायाकडे वळले. "ताई, माह्या जिनिंगपासून सुरुवात करा. बाकीच्यायचं मी पाह्यतो."

सचिनने छायाचा खांदा दाबला. तिला आनंद झाला होता, पण तो कुठेतरी अडकून बसल्यासारखा होता. तिने जयाकडे पाहिलं. पोरगी गाठीला टेकून ओढणीवरची धूळ झटकत होती.

"सचिन, मशीन घेऊन तू घरी जा," छाया म्हणाली. "आमी दोघी येतो मागून."

"कुठं?" जयाने विचारलं.

"रजतकडं. मले त्याच्या मायसमोरच बोला लागन. तूबी चाल."

रजतच्या घरी त्याची आई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पण या म्हणाली नाही. रजत आतून आला. छाया दारातच उभी राहून बोलली, घरात न शिरता. चोर कोण होता ते सांगितलं, आपण काय बोललो होतो ते पुन्हा आपल्याच तोंडाने सांगितलं, आणि ते खोटं होतं, असं त्याच्या आईकडे बघून म्हणाली. जया शेजारी उभी होती. माझ्यामुळे झालं, ती दोनदा म्हणाली.

रजत उंबऱ्यापाशी येऊन थांबला.

"वहिनी, तू तवा मले विचारलं असतं ना," तो म्हणाला, "तं मी सांगितलं असतं. तू विचारलंच नाई."

"हाव. नाई विचारलं."

त्याच्या आईने पुन्हा सूप ओढलं. निवडता निवडता, मान वर न करता, ती म्हणाली, "उन्हात काऊन उभ्या हा दोघी? आत या. चहा घेऊन जा. बाकीचं त्याचा राग उतरला का मंग बोलजा."